विस्मृतीची फिर्याद

जिल्ह्याच्या गावी एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी कादंबऱ्यांचे जे कपाट असते, त्यातल्या पुस्तकांवर केवळ मूळ ग्रंथकाराचाच हक्क असतो असे मला कधी वाटले नाही. शीर्षकपृष्ठावर नाव त्याचे असते हे खरे. परंतु बांधणी उसवून दोन-तीनदा पुन्हा शिवलेल्या, दर खेपेस कडा कातरल्यामुळे समास अर्धाच उरलेल्या त्या प्रतींत पेन्सिलीने शेरे मारून गेलेले जे अनाम वर्गणीदार असतात, त्यांचाही त्या ग्रंथात काही हिस्सा जमा झालेला असतो. पुस्तकावर लिहिणाऱ्याकडून दंड वसूल करण्यात येईल, अशी चिटणिसांच्या सहीची नोटीस आमच्याकडे कपाटावरच डकवलेली असे. तथापि ज्याला एखाद्या नायकाचा मनापासून संताप आला आहे अशा वाचकाला त्या नोटिशीने आवर घातल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वर्तमानपत्री परीक्षणे मी पुढे पुष्कळ वाचली, काही लिहिलीही. पण कादंबरीविषयी वाचकाचे खरे मत काय असते याची ओळख मला त्या समासांनी करून दिली.

जेम्स हिल्टनची ‘रँडम हार्वेस्ट’ मी अशाच एका प्रतीत वाचली. लंडनवर जर्मन बाँब पडत होते त्या काळात, १९४१ साली, ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या कादंबऱ्यांत तिचा क्रमांक दुसरा लागला. ‘लॉस्ट होरायझन’ आणि ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ लिहिणारा हा ग्रंथकार भावविवशतेच्या अगदी काठाकाठाने चालण्यात निष्णात होता, आणि इथे तर त्याने आपल्या पायांखाली निसरडीच जमीन निवडली होती. चार्ल्स रेनियर हा धनाढ्य उद्योगपती, पार्लमेंटचा सभासद. पहिल्या महायुद्धात तो जखमी झाला तेव्हापासून १९१९ च्या डिसेंबरात लिव्हरपूलमधल्या एका बाकावर त्याला जाग आली तोपर्यंतचा सारा काळ त्याच्या स्मृतीतून निखळून पडलेला आहे. त्या निखळलेल्या काळात तो दुसऱ्याच नावाने जगला होता, फिरत्या नाटक मंडळीतल्या पॉला नावाच्या मुलीशी त्याने लग्न केले होते. आणि पूर्वीचा रेनियर त्याच्यात जागा होताच हा दुसरा मनुष्य, त्याच्या पत्नीसकट, नाहीसा झाला. पुढे त्याने घराण्याचा डबघाईस आलेला धंदा सावरला, आपल्या कर्तबगार सेक्रेटरीशी थोड्याशा व्यवहारी बेताचे लग्न केले, आणि अनेक वर्षांनी, दुसरे महायुद्ध उंबरठ्यावर येऊन ठेपले असताना, कादंबरीच्या अगदी शेवटच्या पानावर वाचकाला कळते की ही दुसरी पत्नी म्हणजेच ती पहिली.

निदान हिल्टनचा हेतू तरी वाचकाला ते तिथे कळावे असाच होता. आमच्या प्रतीत रेनियरच्या पत्नीचा प्रथम प्रवेश होतो त्या पानाच्या समासात, बारीक आणि डावीकडे कललेल्या अक्षरात, कोणीतरी दोनच शब्द लिहून ठेवले होते: “हीच ती.” त्याखाली दुसऱ्या हाताने, तेही शाईने: “शहाण्या, दुसऱ्यांना वाचू दे की!” तिसऱ्या कुणा परोपकारी सभासदाने पहिले दोन शब्द खोडरबराने पुसण्याची शिकस्त केलेली होती, पण पेन्सील दाबून ओढलेली असल्यामुळे तेवढ्या जागी कागद विरून पातळ झाला होता, आणि पान उजेडाकडे धरले की सर्वांत आधी तेच दोन शब्द वाचले जात. लेखकाने जिवापाड जपलेले गुपित त्या अज्ञात इसमाने असे दारातच फोडून ठेवले होते.

मला राग आला, पण पुस्तक मिटवले नाही. आणि काही पाने पुढे जातो तो ध्यानात आले की मी वाचतो आहे ते हिल्टनने लिहिलेले पुस्तक नव्हेच. त्याच्या पुस्तकातली मिसेस रेनियर ही मोठमोठ्या राजकारणी पाहुण्यांची सरबराई करणारी, जेवणावळींत वाकबगार, किंचित कृत्रिम वाटणारी एक प्रतिष्ठित गृहिणी आहे, आणि वाचकाचे लक्ष तिच्यावरून घसरून त्या हरवलेल्या पॉलाच्या शोधाकडे जावे अशी सारी योजना आहे. माझ्या वाचनात ती बाई क्षणभरही नजरेआड होईना. तिने एखाद्या पाहुण्याशी हसून बोलावे आणि माझ्या घशात आवंढा यावा, असे ते वाचन होते. रेनियर त्या हरवलेल्या मुलीचा ठावठिकाणा शोधू लागतो, तेव्हा ग्रंथकाराला अभिप्रेत असलेली उत्कंठा मला वाटलीच नाही. तिच्या जागी एक विलक्षण अवघडलेपण आले, जे एखाद्या नातेवाइकाच्या घरातले गुपित आपल्याला ठाऊक असावे आणि त्याच्याच ताटाला ताट लावून जेवायला बसावे, तेव्हा येते.

पुढच्या पानांतले शेरे मग मी कथेइतक्याच आवडीने वाचत गेलो. दुसऱ्या लग्नाच्या हकिकतीपाशी एकाने लिहिले होते: “आवाज तरी ओळखू यावा!” शेवटच्या पानावर: “मग इतकी वर्षे बोलली का नाही?” आणि त्याच्या बाजूला, अगदी हलक्या हाताने, बहुधा एखाद्या स्त्रीच्या अक्षरात: “बोलून काय उपयोग?” स्मृतिभ्रंशाच्या प्रेमकथांवर जगात जे काही आक्षेप घेतले गेले आहेत, त्यांचा अर्क या तीन ओळींत आला आहे असे मला अजूनही वाटते.

वाचनालयाच्या ओसरीवर संध्याकाळी जी मंडळी बसत, त्यांच्यात हा विषय एकदा निघाला तो बरेच दिवस चालला. मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना सर्वजण आबासाहेब म्हणत. कादंबरीसुद्धा ते दफ्तर तपासावे तशी वाचत आणि प्रत्येक पात्राच्या नावे मनातल्या मनात एक-एक कैफियत लिहून घेत. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि मितभाषी असे एक वृद्ध डॉक्टर होते. आबासाहेबांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. ते म्हणाले, “फिर्यादीने इतकी वर्षे फिर्यादच गुदरली नाही, तर कोर्टाने काय करावे? मामला मुदतबाह्य झाला.” त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “आबासाहेब, फिर्याद गुदरायची कोणावर? गुन्हा घडला त्या दिवशी तुमचा आरोपी हजरच नव्हता.”

डॉक्टरांचा आक्षेप निराळा होता. डोक्याला मार बसल्यावर मनुष्य बहुधा अपघाताच्या अलीकडचे काही तास विसरतो, फार तर काही दिवस; स्वतःचे नाव विसरून दुसऱ्या नावाने संसार मांडत नाही, आणि दुसऱ्यांदा आपटल्याने पहिली स्मृती परत येते हे तर केवळ कादंबरीकारांच्या वैद्यकात आढळते, असे त्यांनी सांगितले. मात्र महायुद्धाच्या बाबतीत ते थोडे माघार घेत. चार्ल्स मायर्स या वैद्याने १९१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ज्या तीन सैनिकांची हकिकत देऊन ‘शेल शॉक’ हा शब्दप्रयोग वैद्यकात रूढ केला, त्या तिघांच्याही तक्रारीत स्मृतिनाश होता. मनाला जे सोसवत नाही ते मन दाराबाहेर ठेवते, आणि ते करताना कधी कधी शेजारच्या वस्तूही बाहेर फेकते, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

पण माझ्या मते वाचकांचा कौल वैद्यकावर ठरत नाही, आणि कायद्यावरही नाही. एखाद्या विस्मरणाच्या कथेत ते विस्मरण वाचकाला कधी सांगितले जाते, आणि त्या गुपिताची वाटणी पात्रे व वाचक यांच्यात कशी झालेली असते, यावर तो ठरतो. हिल्टनच्या कादंबरीत नायिकेला सर्व ठाऊक आहे, नायकाला काही नाही, आणि वाचकाला नायकाच्या पंक्तीस बसवले आहे. म्हणून शेवटी वाचक चकित होतो, आणि आश्चर्य ओसरले की थोडासा फसवला गेल्यासारखा चिडतो. “आवाज तरी ओळखू यावा” हा शेरा रेनियरवर रोखलेला दिसतो, पण त्यात आपल्यालाही ओळखू आली नाही याची चडफड आहे. पुढल्याच वर्षी, १९४२ साली, मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने या कादंबरीचा चित्रपट काढला तेव्हा दिग्दर्शक मर्व्हिन लरॉय याच्यापुढे एक साधीच अडचण उभी राहिली: कागदावर दोन नावे देऊन एक स्त्री लपवता येते, पडद्यावर ग्रीर गार्सनचा चेहरा कोठे लपवणार? तेव्हा चित्रपटाने गुपित अर्ध्या वाटेवरच प्रेक्षकांच्या हवाली केले. ती सेक्रेटरी म्हणून रेनियरच्या खोलीत येते त्या क्षणापासून प्रेक्षकाला आणि तिला सर्व माहीत आहे, आणि रोनाल्ड कोलमन तेवढा अंधारात आहे. आमच्या त्या पेन्सीलवाल्या सभासदाने जे केले, तेच लाखो डॉलर खर्चून एका मातब्बर कंपनीला करावे लागले!

त्याचा परिणाम असा झाला की आश्चर्याची जागा करुणेने घेतली आणि चित्रगृहे भरून वाहू लागली. समीक्षक अर्थात प्रसन्न झाले नाहीत. जेम्स एजीसारख्या तिखट लेखणीच्या माणसाने, ज्यांना कोलमनच्या विस्मरणात दोन तास रस घेता येईल आणि सकाळच्या न्याहरीला दाढीचा सुवासिक साबण खाता येईल अशांना हा चित्रपट पसंत पडेल, अशा आशयाची थट्टा केली. थट्टा झकास आहे. परंतु एजी ज्याला कोलमनचे विस्मरण म्हणतो ते पाहायला कोणी गेलेच नव्हते. लोक गार्सनचे स्मरण पाहायला गेले होते. तेच कथासूत्र आपल्याकडे १९५७ साली अजय कर यांच्या ‘हारानो सुर’ या बंगाली चित्रपटात आले, आणि तिथेही उत्तमकुमार विसरतो आणि सुचित्रा सेन त्याच्याच घरातल्या एका मुलीची शिक्षिका होऊन राहते. प्रेक्षकांचे डोळे कोणावर खिळले असतील हे सांगायला नको.

इथपर्यंत विचार आला म्हणजे मराठी वाचकाची पावले आपोआप कण्वाच्या आश्रमाकडे वळतात. बाई तर पहिल्या दिवसापासून तिथेच जाऊन बसल्या होत्या. ‘अभिज्ञानशाकुंतला’त कालिदासाने गुपिताची जी वाटणी केली आहे तिच्याइतकी धाडसी वाटणी मला दुसऱ्या कोठल्या प्रेमकथेत आढळलेली नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वासाचा शाप कोण ऐकते? अनसूया आणि प्रियंवदा, आणि आपण. ज्याला विसर पडायचा आहे तो हस्तिनापुरात आहे. आणि जिला शाप दिला जातो ती पर्णकुटीच्या दारात बसूनही तो ऐकत नाही, कारण तिचे चित्तच तिथे नाही. दोघी सख्या ही गोष्ट आपल्यातच ठेवायचे ठरवतात, एवढ्या कोमल मुलीला हे सांगावे कसे म्हणून. आणि निरोपाच्या वेळी केवळ इतके सुचवतात की राजाने ओळखायला उशीर लावला तर ही अंगठी दाखव. शकुंतला नुसत्या त्या शंकेने दचकते, आणि प्रीतीला उगाच वाईटसाईट दिसते असे सांगून सख्या वेळ मारून नेतात. म्हणजे राजसभेत जेव्हा तो भयंकर प्रसंग घडतो, तेव्हा रंगमंचावरील एकालाही खरे काय ते माहीत नाही आणि प्रेक्षागृहातील प्रत्येकाला माहीत आहे. तिला वाटते हा लबाड आहे, त्याला वाटते ही लबाड आहे, आणि दोघेही आपापल्या जागी अगदी प्रामाणिक आहेत.

व्यासांच्या आदिपर्वात यातले काहीच नाही, हे आबासाहेबांच्या ध्यानात आले तेव्हा ते फार खूष झाले. तिथे शाप नाही, अंगठी नाही, कोळी नाही. शकुंतला आधी करार करून घेते की माझ्या मुलाला राज्य मिळाले पाहिजे. मग ती मुलाला घेऊन दरबारात येते, राजाला सारे आठवत असते, आणि तो तिच्या तोंडावर नाकबूल जातो. ती त्याला सत्याविषयी आणि पत्नीविषयी जे सुनावते ते वाचताना, या बाईला वकिलाची गरज नव्हती अशी आबासाहेबांनी पावती दिली. शेवटी आकाशवाणी होते, आणि राजा सांगतो की मला ठाऊकच होते, लोकांनी शंका घेऊ नये म्हणून मी नाकारले. व्यासांचा राजा समजायला सोपा आहे, कारण तसली माणसे प्रत्येक गावात भेटतात. कालिदासाने त्याच माणसाच्या मस्तकातून ती आठवण काढून घेतली आणि त्याला निर्दोष केले. ही सफाई झाली की सारवासारव, यावर ओसरीवर दोन तट पडले.

आबासाहेबांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. कालिदासाने राजाच्या बचावाची तयारी शापाच्याही आधीपासून करून ठेवली आहे, असे ते दाखवून देत. दुसऱ्या अंकात राजा विदूषकाजवळ शकुंतलेविषयी मन मोकळे करतो, आणि मग त्याला राजधानीकडे परत धाडताना सांगतो की ते सारे थट्टेत म्हटले होते, खरे मानू नकोस. “हा एकुलता एक साक्षीदार,” आबासाहेब म्हणत, “आणि तो शापाच्या आधीच फोडला! शिवाय पाचव्या अंकात ऐन सुनावणीच्या वेळी त्याला हंसपदिकेकडे पिटाळला. हे काय दुर्वासाने केले?” बाईंनी यावर कालिदासाची बाजू घेतली नाही, त्या एवढेच म्हणाल्या की सहाव्या अंकात राजा स्वतःच विदूषकाला विचारतो, तू तरी मला आठवण का दिली नाहीस, आणि विदूषक हेच उत्तर देतो. कवीला ती फट दिसत होती आणि त्याने ती बुजवली नाही.

हंसपदिकेचे नाव निघाले ते बरे झाले, कारण विस्मरणाविषयी जगात जे काही लिहिले गेले आहे त्यातला सर्वांत सूक्ष्म प्रसंग माझ्या मते तिथे आहे. राजा सर्व विसरला आहे, कसलाही विरह त्याच्या वाट्याला आलेला त्याला ठाऊक नाही, आणि अंतःपुरातून एका उपेक्षित स्त्रीच्या गाण्याचे सूर कानी येताच त्याचे मन अकारण व्याकूळ होते. आणि तो आपली समजूत घालतो की हे बहुधा कोठल्या तरी पूर्वजन्मीच्या स्नेहाचे स्मरण असावे. घटना पुसून गेली आहे आणि तिची वेदना मागे राहिली आहे. पडद्यावरच्या ‘रँडम हार्वेस्ट’मध्येही, रेनियर दुसऱ्याच एका मुलीशी विवाह करण्याच्या बेतात असताना, देवळात लग्नासाठी स्तोत्र निवडताना जे सूर वाजतात त्यांनी त्याची मुद्रा अशी काही पालटते की ती शहाणी मुलगी तिथल्या तिथे लग्न मोडते. लरॉयच्या लेखकांनी कालिदास वाचला असेल असे मी म्हणत नाही. विसरलेल्या माणसाला वाचकाने क्षमा करावी अशी इच्छा असेल, तर कोठे तरी एखादा सूर वाजवावा लागतो, ही गोष्ट मात्र दोघांनाही कळली होती.

आणि पुण्याच्या प्रेक्षकांची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात झाला तो पहिल्या चारच अंकांचा. म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचे ते पहिले प्रेक्षक शाप ऐकून, मुलीची पाठवणी पाहून, डोळे पुसत घरी गेले, आणि विसर पडण्याचा प्रसंग त्यांना त्या रात्री दिसलाच नाही. कथा सर्वांना मुखोद्गत होती, हे मान्य. पण ते गुपित पदरात घेऊन, पुढचे अंक रंगभूमीवर येईपर्यंत, आपापल्या वाड्यांत वावरणाऱ्या त्या माणसांचा मला नेहमीच हेवा वाटत आला आहे. अनसूया आणि प्रियंवदा यांच्या मनाची स्थिती इतक्या अवधीपर्यंत दुसऱ्या कोठल्या प्रेक्षकवर्गाने भोगली असेल?

रवींद्रनाथांनी शकुंतलेवर जो विख्यात निबंध लिहिला त्यात त्यांनी या दुःखाला एक नैतिक अर्थ दिला: तपोवनातले प्रेम हे पहिल्या आवेगाचे होते, ते तपश्चर्येच्या आगीतून जाऊन सातव्या अंकात मंगल झाले. ही उपपत्ती इतकी सुंदर आहे की तिला हरकत घेताना संकोच होतो. तरीही बाईंनी ती घेतली, आणि मला ती रास्त वाटली. चूक दोघांची असेल, तर तपश्चर्या दोघांना सारखी का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. अंगठी सापडेपर्यंत राजा स्वस्थ राज्य करीत होता, आणि त्या साऱ्या अवधीत ती मारीचाच्या आश्रमात एकवेणी धारण करून मूल वाढवीत होती. विसरणाऱ्याला विसरल्याचे दुःख होत नाही, ही शापाची खरी मेख आहे. तो पडतो एकावर आणि भोगावा लागतो दुसऱ्याला.

अंगठीच्या बाबतीत मात्र आबासाहेबांचे डोळे चमकत. राजाच्या नावाची अक्षरे कोरलेली अंगठी. रोज एक अक्षर मोज, शेवटच्या अक्षराशी पोचशील तोवर तुला न्यायला माणूस येईल, असे त्याने सांगितलेले. शचीतीर्थावर वंदन करताना ती पाण्यात पडते, रोहित माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती लागते, शिपाई त्याला मुसक्या बांधून नेतात, आणि बक्षीस मिळताच तेच शिपाई त्याच्यासह दारूच्या पिठ्याकडे वळतात. सबंध नाटकात खरा सरकारी कारभार काय तो इथेच आहे, असे ते म्हणत. त्यांचे ठाम मत असे की पाचव्या अंकातला राजा चुकला नाही. समोर गर्भवती स्त्री, तिचे म्हणणे की मी तुमची पत्नी, आणि आपल्याला तर काही आठवत नाही. परस्त्रीचा स्वीकार करावा की पत्नीचा त्याग, या पेचात सापडलेल्या राजाने दाखला मागितला तर त्यात गैर काय?

यावर डॉक्टरांनी फ्रान्समधली एक हकिकत सांगितली. १ फेब्रुवारी १९१८ रोजी, जर्मनीच्या कैदेतून परतलेला एक सैनिक लियाँच्या स्थानकावर भ्रमिष्ट अवस्थेत सापडला; त्याला आपण कोण हे सांगता येईना. आंतेल्म मांजँ या नावाने तो वेड्यांच्या इस्पितळात राहिला. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले आणि शेकडो कुटुंबांतून, आयांकडून आणि बायकांकडून, हा आमचाच म्हणून अर्ज आले. युद्धात ज्यांचे प्रेतही मिळाले नव्हते अशा असंख्य माणसांपैकी प्रत्येक जण कोणा एकीच्या दृष्टीने तोच होता. पुढे तो ऑक्ताव्ह मोंज्वँ असल्याचे निष्पन्न झाले. आणि १९४२ साली तो पॅरिसच्या इस्पितळातच मेला. आम्ही वाचक कादंबरीत आठवणाऱ्या स्त्रीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण लेखकाने तिच्या बाजूने आधीच साक्ष दिलेली असते. इथे कोणी कालिदास नव्हता. आणि त्या अर्जदारांपैकी एकही खोटे बोलत नव्हती. त्या संध्याकाळी आबासाहेबसुद्धा काही बोलले नाहीत.

रिबेका वेस्टची ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ ही १९१८ सालची लहानशी कादंबरी मी बाईंना वाचायला दिली ती त्यानंतर. तिच्यातला कॅप्टन ख्रिस बॉल्ड्री युद्धावरून परततो तो पंधरा वर्षे विसरून. म्हणून त्याला घरची देखणी पत्नी किटी अनोळखी वाटते, आणि तरुणपणी जिच्यावर प्रेम केले ती खानावळवाल्याची मुलगी मार्गारेट, जी आता दुसऱ्याची पत्नी आहे आणि कष्टाने ओबडधोबड झालेली आहे, ती त्याला पूर्वीइतकीच सुंदर दिसते. त्याला बरे करण्याचा एकच उपाय उरतो: त्याच्या मृत मुलाच्या वस्तू दाखवून पंधरा वर्षांचे दुःख त्याला परत करणे. आणि बरा झाला की तो पुन्हा आघाडीवर जाणार. त्या वस्तू त्याच्यापुढे नेण्याचे काम मार्गारेटच करते, ज्यामुळे ती स्वतः त्याच्या आयुष्यातून पुसली जाणार आहे. हे पुस्तक परत करताना बाई म्हणाल्या, “इथे विसरल्यामुळेच त्याला खरे काय ते दिसते आहे, आणि सगळे मिळून त्याला शहाणे करतात.” मी विचारले, मार्गारेटने ते करावे का? त्यांनी उत्तर दिले नाही. समासात मात्र एके ठिकाणी, माझ्या स्वतःच्या प्रतीत, बारीक रेघ ओढलेली मला पुढे आढळली.

सातव्या अंकावर आमचे एकमत कधीच झाले नाही. मारीच ऋषी शापाची हकिकत सांगतात तेव्हा राजा सुटकेचा निःश्वास टाकतो की आपल्यावरचा बोल गेला. आणि शकुंतला मनाशी म्हणते की पतीने आपल्याला अकारण टाकले नव्हते हे भाग्यच, पण आपल्याला शाप झाल्याचे तर काही आठवत नाही. या वाक्याशी मी दर वेळी थांबतो. आठवण न राहिल्यामुळे राजाकडून जे घडले, त्याच्या मुळाशी तिचेही एक न ऐकणे आहे. पण त्याच्या थोडे आधी, राजा ती अंगठी तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा ती म्हणते की हिचा मला भरवसा नाही, आर्यपुत्रांनीच ही घालावी. आबासाहेबांच्या मते ही शुद्ध गैरव्यवस्था होती: इतक्या यातायातीने हाती आलेला दस्तऐवज कोणी ऋणकोच्याच ताब्यात देतो काय? “उद्या पुन्हा नाकबूल गेला तर?” ते बाईंना विचारीत. बाई म्हणत, “विसरण्याची खोड त्याची, खूणगाठ त्यानेच बाळगावी.” आबासाहेबांना हे पटले नाही, आणि वाचनालयाच्या शाकुंतलाच्या प्रतीत त्या ओळीसमोर त्यांनी, नोटीस समोर दिसत असताना, आपल्या घोटीव कचेरी अक्षरात शेरा मारलाच: “नक्कल ठेवावयास हवी होती.”